अलिबागची ‘मशीद’ आणि आपला बोली-अभ्यास



अलिबागच्या इस्राएल आळीत ‘मागेन आबोथ’ हे बेने इस्राएलांचे प्रार्थनामंदिर आहे. ते १८४८ मध्ये स्थापन झाले आणि १९१० मध्ये नव्याने बांधले गेले. या समाजाच्या मराठीत प्रार्थनामंदिराला ‘मशीद’ म्हणत. मुंबईच्या मस्जिद स्थानकाचे नावही १७९६ च्या त्यांच्या ‘जुन्या मशिदी’वरून पडले, असे मानले जाते. शब्द ऐकताच आपण धर्म ठरवून मोकळे होतो. कोकणातील बोलणाऱ्याने मात्र हाताशी असलेला शब्द निःशंकपणे स्वीकारला.

मशिदी उभ्या राहण्यापूर्वीही कुलाबा जिल्ह्यात हा समाज होताच. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गाव त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणे. त्यांच्या सणांची नावे पाहा : वर्षारंभ तो ‘नव्याचा सण’, प्रायश्चित्ताचा दिवस तो ‘दारफाळणीचा सण’, मंदिरविध्वंसाच्या स्मृतीचा उपवास तो ‘बिरड्याचा सण’. अलिबागकडील वालाचे बिरडे ज्याने खाल्ले आहे, त्याला या नावाचे भाष्य नको. पुढे मशिदींबरोबर हिब्रू शिक्षण आले, रोश हशाना, योम किप्पूर ही नावे रुळली आणि मराठी नावे मागे पडली. इतिहासकार याला धर्मजागृती म्हणतात, आणि धर्माच्या दृष्टीने ते रास्तच आहे. परंतु जुन्या नावांना अज्ञानाची खूण समजणे मला मान्य नाही. पिढ्यान्‌पिढ्या धर्म जपला गेला तो याच शब्दांत.

१९४८ नंतर बहुसंख्य कुटुंबे इस्राएलला गेली. सामुदायिक प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुष लागतात. लहान गावात तेवढे जमणेही कठीण होते. मराठीही त्यांच्याबरोबर गेली आणि ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक तिकडे निघू लागले. आपल्या पाठ्यपुस्तकांत मात्र मराठी ख्रिस्ती साहित्याला घटक मिळतो, मराठी ज्यूंना एखादी ओळही मिळत नाही. बोलीविज्ञान शिकवताना मीही कित्येक वर्षे मालवणी आणि वऱ्हाडीवरच थांबत असे. ही चूक माझीही आहे.

आपल्यापैकी जे रायगड जिल्ह्यात राहतात, त्यांनी बोलीविषयक स्वाध्यायासाठी अशा एखाद्या वृद्ध भाषकाची भेट घ्यावी. सणांची, भांड्यांची, नात्यांची नावे विचारावीत. ऐकाल तशीच लिहून घ्यावीत. ‘मशीद’ म्हटले, तर वहीत ‘मशीद’च लिहावे. कंसात सुधारणा करू नये.