सतरंजीवर तिचीही जागा



गेल्या ८ मार्चला आमची एक कार्यकर्ती डाऊन सिंड्रोम असलेल्या तरुण लेकीला घरीच ठेवून मेळाव्याला आली. "सगळ्या तिच्याकडेच बघत बसतात, ताई," म्हणाली. मी गप्प झाले.

१९९४ साली शिरूरच्या शासकीय संस्थेतील बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलींची गर्भाशये काढली गेली, तेव्हा स्त्री-संघटनांनी निषेध केला. त्यांच्या देहावरच्या हक्कासाठी आपण बोललो. पण आपल्या सतरंजीवर त्यांना जागा दिली का?

डाऊन सिंड्रोममध्ये एकविसावे गुणसूत्र दोनाऐवजी तीन असते. म्हणून तिसऱ्या महिन्याची २१ तारीख हा त्यांचा जागतिक दिन. यात आईचे पाप नाही, लेकीचा दोष नाही.

येत्या २१ मार्चला या लेकींना बोलवू या. गाणी सोबत म्हणू या, आणि त्यांना काय हवे ते त्यांनाच विचारू या.