कुकरचे झाकण निघेना, तेव्हा

गणपती नुकतेच पाण्यात गेले होते. पाचगणीच्या बाजूला त्या दिवसांत पाऊस पुरता गेलेला नसतो. सकाळी धुके, दुपारी भुरभुर. आमच्या घरी बटाट्याची काढणी चालली होती आणि दहा माणसांच्या भाकऱ्या शेतावर जायच्या होत्या. थोरल्या जाऊबाईंनी कोरेगावकडचा वाघ्या घेवडा रात्री भिजत घातला होता, तो सकाळी कुकरमध्ये भरला. माणसे जास्त म्हणून काठोकाठ भरला. दोन शिट्ट्या झाल्या आणि मग शिट्टीच होईना. जाऊबाईंनी कुकर खाली उतरवला, चमच्याने शिट्टी उचलून पाहिली. फुस्स नाही की काही नाही. वाफ गेली असे समजून त्या झाकण फिरवू लागल्या, तर ते जागचे हलेना. तेवढ्यात शेतावरून निरोप आला. पुतण्याने हातोडी आणली आणि झाकणाच्या मुठीवर एकच टोला घातला.

घेवडा आढ्याला जाऊन चिकटला. झाकण फळीवरच्या डब्यांवर आदळले. जाऊबाईंचा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला. मामंजी म्हणाले, "हे यंत्र घरात आणलेच कशाला?" सासूबाई म्हणाल्या, "हिला घाईच फार." हातोडी मारणाऱ्याला मात्र कोणी काही बोलले नाही!

या गोष्टीला पुष्कळ वर्षे झाली. परवा शेजारच्या नव्या सुनेने झाकण निघत नाही म्हणून मला हाक मारली, तेव्हा तिच्याही हातात लाटणे होते. म्हणून आज हाच विषय घेतला.

कुकरच्या शिट्टीचे वजन असे बेतलेले असते, की आत दर चौरस सेंटीमीटरला सुमारे एक किलो दाब साठल्यावरच ती उचलली जावी. झाकणाची रुंदी १८ सेंटीमीटर धरली तर सगळ्या झाकणावर मिळून अडीचशे किलोंचा जोर होतो. म्हणजे पन्नास किलोंची पाच पोती! हा जोर झाकणाला आपल्या खाचांत आवळून धरतो, म्हणून ते फिरत नाही. दाब दहावा हिस्सा उरला तरी पंचवीस किलो होतात. अशा वेळी झाकण अडते ते आपल्या भल्यासाठीच अडते.

मग वाफ गेली की नाही हे ओळखावे कसे? शिट्टी उचलल्यावर वाफेचा आवाज आला तर वाफ आहे, हे उघड आहे. पण आवाज आला नाही म्हणजे वाफ नाही, असे मुळीच समजू नये. जाऊबाई फसल्या त्या इथेच. शिट्टीखालच्या नळीत घेवड्याचे साल अडकले होते. वाट बंद, म्हणून शिट्टी होईना, आणि वाट बंद, म्हणूनच उचलल्यावर आवाजही येईना. वाफ सगळी आतच होती. शिट्ट्या होता होता एकाएकी थांबल्या आणि खाली जाळ असेल, तर नळी तुंबली असे धरूनच चालावे. ताबडतोब जाळ बंद करावा, कुकरला हात लावू नये आणि तो आपोआप पुरता गार होऊ द्यावा. अर्धा तास लागो की तास लागो. भांडे हाताला गार लागल्यावर बाजूने थंड पाणी ओतावे, आणि मगच झाकणाला हात घालावा. तोंड दुसरीकडे करून, बरे का. सुई किंवा तार घालून नळी मोकळी करणे हे झाकण काढल्यानंतरचे काम आहे. आधी केले तर वाफ सरळ तोंडावर येते.

आता दुसरा प्रकार. रात्री कुकर लावला, उघडायचा राहून गेला आणि सकाळी झाकण हलत नाही. इथे वाफेचा संबंध नसतो, उलट असतो. शिट्ट्या होताना आतली हवा बाहेर गेलेली असते. गार झाल्यावर वाफेचे पाणी होते आणि आत पोकळी राहते. शिट्टी नळीवर घट्ट बसलेली असल्याने बाहेरची हवा आत शिरत नाही, ती झाकणाला वरून दाबून धरते. पाचगणीच्या गार हवेत हे लवकर घडते. शेजारच्या सुनेचे असेच झाले होते. कुकर रात्रभराचा गार आहे ही खात्री केली आणि मी नुसती शिट्टी काढली. सुस् करून हवा आत गेली आणि झाकण बोटाने फिरले. बिचारी माझ्याकडे बघतच राहिली. शिट्टी काढूनही निघाले नाही तर ती काढलेलीच ठेवून कुकर मंद जाळावर जरासा कोमट करावा, नळीतून वाफेचा धागा दिसला की जाळ बंद करून उघडावे.

ही अडचण भांड्याच्या बाहेरून बसणाऱ्या झाकणाची. आतून बसणाऱ्या झाकणाला पोकळी खालीच ओढते, म्हणून ते असे अडकत नाही. मात्र वाफ असेपर्यंत तेही हलत नाही.

तिसरे कारण रबराचे. जुने रबर फुगते, डाळीची साय सुकून काठाला चिकटते. वाफ नाही आणि पोकळीही नाही अशी खात्री असेल तर काठावरून कोमट पाणी सोडावे, पाच-दहा मिनिटे थांबावे. नवे रबर फार ताठ असेल तर त्याला खायच्या तेलाचे बोट लावावे. रॉकेल किंवा ग्रीस कधीही लावू नये, त्याने रबर आणखी फुगते. काही कुकरांच्या मुठीत दाब दाखवणारी बारीक पिन असते. कुकर गार होऊनही ती खाली पडली नाही तर तिच्याभोवती खरकटे साचलेले असते.

शेजारची सून म्हणाली, "काकू, माहेरी वाईला इतक्या शिट्ट्या लागत नव्हत्या." खरे आहे. पसरणीचा घाट चढला की आपण सुमारे सहाशे मीटर वर येतो. पाचगणी समुद्रसपाटीपासून सुमारे १३०० मीटर उंच आहे. इथे हवेचा दाब कमी, म्हणून उघड्या पातेल्यात पाणी १०० अंशांवर नव्हे, ९५-९६ अंशांवरच उकळते. त्यापुढे कितीही जाळ घाला, पाणी तापत नाही. म्हणून डोंगरावर कुकरचा उपयोग खालच्यापेक्षा जास्त. मुंबईत कुकरच्या आत १२१ अंशांच्या आसपास उष्णता होते, इथे ११८ च्या आसपास. तेव्हा दहा मिनिटांना एखादे मिनीट जास्त द्यावे. जास्त भरून आणि जाळ वाढवून ते मिनीट वाचत नाही. भांडे कधीही दोन-तृतीयांशापेक्षा जास्त भरू नये, आणि भात, डाळ, घेवडा, वाटाणा असे फुगणारे किंवा फेसाळणारे असेल तर निम्म्याच्या वर जाऊ नये. चमचाभर तेल घातले तर फेस कमी होतो.

झाकणावर सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. फार तापले की तो वितळून किंवा उघडून वाफेला वाट देतो. तो गेला तर त्याच कुकरचा, त्याच मापाचा नवा बसवावा. डाग देऊन किंवा खिळा ठोकून भोक बुजवलेले कुकर मी डोळ्यांनी पाहिले आहेत. ते घरात ठेवणे म्हणजे सुरुंग ठेवणे.

जाऊबाईंच्या हातावर त्या दिवशी कोणी हळद दाबली, कोणी तूप चोळले. दवाखान्यात ते सगळे धुऊन काढताना त्यांना भाजल्यापेक्षा जास्त कळा आल्या. असे कोणाच्या घरी झाले तर भाजलेला भाग वीस मिनिटे वाहत्या साध्या पाण्याखाली धरावा. बर्फ नको, टूथपेस्ट नको, शाई नको. बांगड्या आणि अंगठी लगेच उतरवाव्यात, कारण हात सुजला की त्या रुततात. सवाष्णीचा हात मोकळा नको म्हणून कोणी अडवले तर ऐकू नका; हात बरा झाल्यावर हिरवा चुडा पुन्हा भरता येतो. नंतर स्वच्छ कापड सैल गुंडाळून दवाखाना गाठावा.

टोला बसलेला तो कुकर आम्ही मोडीत घातला. झाकणाला किंवा काठाला पोचा आला की तो पुन्हा वापरू नये. नवा घेताना आयएसआयची खूण पाहावी. १ फेब्रुवारी २०२१ पासून ही खूण घरगुती कुकरला सक्तीचीच झाली आहे, तेव्हा बाजारात कोणी बिनखुणेचा स्वस्तात देऊ केला तर नको म्हणावे. रबर घ्यायला जाताना जुने पिशवीत घालून न्यावे, नुसत्या लिटरवर माप जुळत नाही.

जाऊबाई आता घेवडा दोन वेळा लावतात, निम्मा-निम्मा. त्याआधी झाकण उजेडाकडे धरून नळीतून पलीकडचे दिसते का ते पाहतात. काढणीच्या दिवसांत शेतावरून निरोप आला तर सांगतात, "कुकर उतरलाय, अजून गार व्हायचाय. तोवर भाकरी-चटणी खाऊन घ्या म्हणावं."