सूसच्या शेजारी दोन विद्यापीठं, पण मीडियाची पदवी परवडेल का?

सूस 2021 मध्ये पुणे महापालिकेत आलं. शेजारच्या लवळ्यात सिम्बायोसिस आणि फ्लेम. पण बारावीनंतर मीडियात जायचं असेल, तर आधी पत्ता बघा: सिम्बायोसिसची मास कम्युनिकेशनची पदवी विमाननगरला मिळते, लवळ्यात पदव्युत्तर कोर्स आहे.

खरी मेख फीची. 2024-25 पासून राज्य सरकार 8 लाखांपर्यंत उत्पन्नाच्या ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस कुटुंबांतल्या मुलींचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क माफ करतं. मात्र फक्त व्यावसायिक अभ्यासक्रमांना, तेही केंद्रीभूत प्रवेशातून. खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं यातून वगळली आहेत. सिम्बायोसिस अभिमत, फ्लेम खासगी. म्हणजे 'मुलींना फी माफ' हा व्हॉट्सॲप मेसेज इथं चालत नाही. सगळी फी घरातून.

किंवा कर्ज. पीएम विद्यालक्ष्मीत ते विनातारण मिळतं. 8 लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर 10 लाखांपर्यंतच्या कर्जावर 3 टक्के व्याजसवलतही आहे. संस्था मात्र योजनेच्या यादीत हवी, आणि मॅनेजमेंट कोट्यातला प्रवेश चालत नाही.

स्वस्त वाट जुनीच आहे. जवळच्या कॉलेजातून बीए करायचं, मग पुणे विद्यापीठाच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये पत्रकारितेचं पदव्युत्तर शिक्षण. बातमीदार व्हायला मीडियाचीच पदवी लागते, असा नियम कुठेच नाही.