तिकिटात नदी किती?

युरोपातल्या नद्यांवरून जहाजाने फिरून आलेली किंवा निघायच्या तयारीत असलेली मराठी माणसं आता प्रत्येक घरगुती समारंभात भेटतात. निवृत्तीचे पैसे हातात आलेले असतात, मुलगा किंवा मुलगी म्युनिकला नाहीतर ॲमस्टरडॅमला स्थिरावलेली असते आणि रोज नवं हॉटेल, रोज बॅगांची बांधाबांध आता गुडघ्यांना झेपत नाही. अशी मंडळी मला विचारतात, ‘अहो, एवढे पैसे मोजून जाण्यासारखं आहे का?’ डॅन्यूबवरून जर्मनीतल्या पासाउपासून बुडापेस्टपर्यंत प्रवास केल्यापासून माझं उत्तर ‘हो, जा’ असंच असतं. फक्त कंपन्यांच्या माहितीपत्रकांत ज्या गोष्टी ठळक छापलेल्या असतात, त्यांच्यासाठी मी ते म्हणत नाही.

आधी एक गल्लत दूर करायला हवी. आपल्याकडे क्रूझ म्हटलं की मुंबई-गोव्याचं नाहीतर सिंगापूरचं समुद्रावरचं जहाज डोळ्यांसमोर येतं. त्यावर हजारो प्रवासी, कॅसिनो, नाट्यगृह, पोहण्याचे तलाव. नदीवरच्या जहाजात यातलं फारसं काही नसतं. ते जास्तीत जास्त १३५ मीटर लांब, साडेअकरा मीटरहून किंचित कमी रुंद असतं आणि प्रवासी दोनशेच्या आत. या रुंदीमागे कारण आहे. ऱ्हाइनवरून डॅन्यूबला जायचं तर मध्ये माइन नदी आणि १९९२मध्ये पुरा झालेला १७१ किलोमीटरचा कालवा लागतो. त्या वाटेवरची लॉक्स १२ मीटर रुंद आहेत. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेला लांबलचक हौद. जहाज आत घेऊन, पाणी भरून किंवा सोडून, त्याला नदीच्या वरच्या किंवा खालच्या पातळीवर नेतात. या हौदांत मावेल एवढंच जहाज बांधता येतं. त्यामुळे कितीही महागडी कंपनी असली तरी खोली प्रशस्त असेल ही अपेक्षा धरू नये. बाल्कनी म्हणून जे दाखवतात तेही बहुतेक वेळा जमिनीपासून छतापर्यंतची सरकती काच आणि पुढे कठडा, एवढंच असतं.

‘सगळं समाविष्ट’ या तिकिटात साधारणपणे खोली, तिन्ही वेळचं जेवण, वाइन-बिअर, रोजची एक मार्गदर्शित फेरी, वायफाय आणि विमानतळावरून ने-आण येते. महागड्या कंपन्या दिवसभराचं मद्य आणि कर्मचाऱ्यांची टिपही त्यात धरतात, बाकीच्या ती शेवटच्या दिवशी मागतात. विमानाचं भाडं, विमा आणि शेंगेन व्हिसाचे ९० युरो तुमचे तुम्हालाच भरायचे असतात. शाकाहारी माणसाची उपासमार होत नाही; नोंदणी करतानाच कळवलं तर स्वयंपाकी खरोखर मन लावून करतात. चीज घातलेले श्पेट्झल हे नूडल्स आणि आख्खा जर्दाळू पोटात घेतलेले क्न्योडल हे गोड उंडे मला मनापासून आवडले. खाण्यापिण्याबद्दल याहून जास्त बोलायची मला गरज वाटत नाही.

बोलायचं आहे ते पाण्याबद्दल.

आमचा प्रवास मुळात रेगेन्सबुर्गहून सुरू व्हायचा होता. उन्हाळा संपत आला होता, पाऊस झाला नव्हता, आणि रेगेन्सबुर्ग ते पासाउ या टप्प्यात जहाज चालवण्याइतकं पाणी नव्हतं. आम्हाला बसने पासाउला नेण्यात आलं. नाशिकचे एक निवृत्त बँक अधिकारी आमच्या गटात होते. ते कमालीचे संतापले. ‘आम्ही बसचे पैसे भरले नव्हते,’ असं ते दोन दिवस सांगत होते. त्यांचा राग निम्मा रास्त होता. कंपनीला पाण्याची पातळी आठवडाभर आधीपासून दिसत असणार, कारण ती रोज जाहीर होते. प्रवाशांना मात्र आदल्या संध्याकाळी कळवण्यात आलं. हे चुकीचंच. पण नदीत पाणी नव्हतं हा कोणाचाही दोष नव्हता.

त्या टप्प्यात पाणी का कमी पडतं याचं भूगोलातलं कारण समजून घेतलं तर निम्मी निराशा टळते. वरच्या डॅन्यूबवर जवळपास सगळीकडे वीजनिर्मितीसाठी बंधारे घातलेले आहेत आणि त्यांच्यामागे पाणी तुंबून राहत असल्यामुळे जहाजाला खोली मिळते. बव्हेरियातल्या श्ट्राउबिंग ते फिल्सहोफेन या पट्ट्यात मात्र नदी मोकळी वाहते. ती मोकळी राहावी म्हणून तिथल्या लोकांनी वर्षानुवर्षं भांडण केलेलं आहे, आणि मला ते योग्य वाटतं. पर्यटकांच्या जहाजाला सोयीचं म्हणून नदीचा उरलासुरला जिता तुकडाही बांधून टाकावा, असं मी म्हणणार नाही. पण मोकळ्या नदीत पाऊस कमी झाला की तळ वर येतो आणि ज्याचा तळ पाण्यात दीड मीटरच बुडतो असं जहाजही अडतं. पासाउला इन नदी येऊन मिळते. आल्प्समधला बर्फ घेऊन येणारी ही नदी सरासरीने डॅन्यूबपेक्षाही जास्त पाणी आणते. म्हणून पासाउच्या खाली प्रवास बराच भरवशाचा होतो. ज्यांना एकदाच जायचं आहे, त्यांनी पासाउ ते बुडापेस्ट हाच टप्पा निवडावा, असं मी याच कारणासाठी सांगते.

उलटही घडतं. पासाउच्या नगरभवनाच्या मनोऱ्यावर पुराच्या खुणा नोंदवलेल्या आहेत. जून २०१३मध्ये तिथे पाणी १२.८९ मीटरवर गेलं होतं. १५०१नंतरचा तो सर्वांत मोठा पूर. सप्टेंबर २०२४मध्ये ‘बोरिस’ वादळाच्या पावसाने डॅन्यूब अशी फुगली की जहाजं जागच्या जागी थांबली. पाणी वाढलं की पुलाखालून जाता येत नाही, पाणी उतरलं की तळ लागतो. २०२२च्या उन्हाळ्यात तर सर्बियात प्राहोवोजवळ दुसऱ्या महायुद्धात बुडालेल्या जर्मन युद्धनौकांचे सांगाडे उघडे पडले होते. असं झालं की कंपनी जहाज अडथळ्याच्या अलीकडे ठेवते, प्रवाशांना बसने पलीकडच्या दुसऱ्या जहाजावर नेते, कधी हॉटेलात उतरवते. हे करण्याची मुभा करारात बारीक अक्षरांत लिहिलेली असते आणि भरपाई द्यायचीच असं बंधन सहसा नसतं. लाखो रुपये भरताना हे पान वाचलंच पाहिजे.

आता ज्यासाठी मी ‘जा’ म्हणते, त्याकडे येते.

ऑस्ट्रियातला मेल्क ते क्रेम्स हा सुमारे ३६ किलोमीटरचा पट्टा म्हणजे वाखाउ. इथेही डॅन्यूब मोकळी वाहते. २०००मध्ये युनेस्कोने हे खोरं जागतिक वारशात घेतलं. मेल्कला खडकावर बेनेडिक्टाइन साधूंचा मठ आहे, १०८९मध्ये स्थापन झालेला. आजची पिवळी-पांढरी भव्य इमारत अठराव्या शतकातली. तिथून खाली निघालं की दोन्ही बाजूंना दगडी बांध घालून रचलेली द्राक्षांची पायऱ्यापायऱ्यांची शेती, मध्येच जर्दाळूच्या बागा, आणि वळण घेतलं की ड्युर्नश्टाइनचा निळा मनोरा. वरच्या डोंगरावर पडका किल्ला. इंग्लंडचा राजा रिचर्ड ११९२च्या हिवाळ्यात धर्मयुद्धावरून परतताना पकडला गेला आणि याच किल्ल्यात कैदेत होता. हे सगळं रेल्वेतूनही दिसतं, मोटारीतूनही दिसतं. पण जहाजाच्या गच्चीवरून ते माणसाच्या चालीने जवळ येतं, बराच वेळ समोर राहतं आणि मागे पडतानाही दिसत राहतं. काठावर किलोमीटरच्या पाट्या दिसतात. डॅन्यूबवर हे आकडे उगमापासून नाही, काळ्या समुद्राकडच्या मुखापासून मोजतात, त्यामुळे आपण खाली जाऊ तसा आकडा घटत जातो. व्हिएन्नाला १९२९च्या आसपास असतो. आपण एका मोठ्या, समुद्राकडे निघालेल्या गोष्टीबरोबर चाललो आहोत, हे त्या घटत्या आकड्यांनी मला जितकं जाणवलं तितकं कुठल्याही मार्गदर्शकाच्या बोलण्याने जाणवलं नाही.

आणि इथेच माझी खरी तक्रार आहे. बहुतेक जहाजं रात्री चालतात. दिवसा गावं दाखवायची, रात्री अंतर कापायचं, असा त्यांचा हिशेब असतो. आठवड्याच्या सहलीत दिवसाउजेडी जहाज चालतं असे तास थोडे भरतात. त्या थोड्या तासांतही खाली जेवणाची वेळ लावतात, व्याख्यान ठेवतात, आणि माणसं चविष्ट सूप पीत असताना वरून वाखाउ निघून जातं. मी त्या दिवशी जेवायला गेले नाही आणि कोणीही जाऊ नये असं मला वाटतं. तिकिटात धरलेली प्रत्येक गोष्ट वसूल करण्याच्या नादात नदीच सुटते.

रात्रीचंही एक सांगते. झोप मोडली तर पडदा बाजूला करावा. कधी खिडकीपासून हातभर अंतरावर लॉकची ओली काँक्रीटची भिंत असते आणि ती हळूहळू वर सरकताना दिसते, म्हणजे आपण खाली उतरत असतो. पासाउ ते व्हिएन्ना असे दहा बंधारे आहेत. ते बघण्यात मला कंटाळा आला नाही.

धक्क्यावरचा अनुभव मात्र आधी माहीत असलेला बरा. व्हिएन्नात आणि बुडापेस्टमध्ये जागा कमी, जहाजं फार. म्हणून ती एकाला एक लावून उभी करतात. उतरायचं तर शेजारच्या जहाजाच्या दालनातून जावं लागतं, आणि ज्या खिडकीसाठी जास्त पैसे भरले तिच्यासमोर दुसऱ्या जहाजातल्या माणसाची खिडकी येते. व्हिएन्नाचा धक्का शहराच्या मध्यावर नाही, राइख्सब्र्युकं पुलाजवळ आहे. तिथून यू-१ मेट्रोने श्टेफान्सप्लाट्झ मोजक्या मिनिटांवर आहे. कंपनीच्या बसची वाट बघत बसू नये.

बुडापेस्टची रात्रीची फेरी सगळेच वाखाणतात आणि संसदेची उजळलेली इमारत पाण्यावरून बघणं खरंच अपूर्व आहे. पण मार्गारेट पुलाखालून जाताना मला २९ मे २०१९ची रात्र आठवली. भर पावसात एका मोठ्या प्रवासी जहाजाने लहान पर्यटक बोटीला धडक दिली. बोटीवरच्या ३५ जणांपैकी फक्त ७ वाचले, गेलेले बहुतेक दक्षिण कोरियाचे पर्यटक होते. नदीच्या त्या अरुंद पट्ट्यात रात्री केवढी गर्दी असते हे गच्चीवरून दिसतं. ती गर्दी कमी करायला हवी, हे माझं स्पष्ट मत आहे.

गर्दीचा प्रश्न लहान गावांचाही आहे. ड्युर्नश्टाइनची वस्ती हजाराच्या आत. तिथे एका सकाळी तीन-चार जहाजं लागली की गावकऱ्यांपेक्षा पाहुणे जास्त होतात. कानात यंत्र लावून सगळे एका मागोमाग चालतात, फोटो काढतात आणि जेवायला परत जहाजावर जातात, कारण जेवणाचे पैसे आधीच भरलेले. गावाच्या वाट्याला गर्दी येते, कमाई फारशी येत नाही.

तेव्हा जाणार असाल तर नोंदणीआधी कंपनीला लेखी विचारा की वाखाउ दिवसा पार करणार का, आणि पाणी कमी पडलं तर किती पैसे परत मिळतील. उत्तर गोलमोल आलं तर दुसरी कंपनी बघा. आणि तिथे पोचल्यावर दुपारचं एक जेवण तरी काठावरच्या गावात, स्वतःच्या खिशातले पैसे देऊन घ्या.