दोष बॅटरीचा की आपला?

— तृतीय वर्ष, कला शाखा

राक्षसाची गोष्ट लहानपणी आपण सर्वांनीच ऐकलेली आहे. सात समुद्रांपलीकडे एक बेट, बेटावर एक झाड, झाडावर पिंजरा आणि पिंजऱ्यात पोपट. राक्षसाचा जीव त्या पोपटात. इकडे पोपटाची मान मुरगळली की तिकडे राक्षस कोसळला! ‘तुमच्या पिढीचा जीवही असाच खिशातल्या त्या डबीत अडकलाय,’ असे घरातली वडीलधारी मंडळी म्हणतात आणि आपण हसून विषय बदलतो. मीही हसत असे. पण गेल्या ऑगस्टमधल्या एका रात्रीपासून या विषयावर मला हसू येत नाही.

मी कोनला राहतो. कल्याणहून निघून दुर्गाडीचा पूल ओलांडला, खाडी मागे टाकली की भिवंडीच्या रस्त्यावर लागते ते आमचे गाव. सकाळी कॉलेज आणि दुपारी तीन ते रात्री अकरा एका गोदामात काम, असा माझा दिनक्रम. बाबा भिवंडीत यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर आहेत. त्यांची पाळी रात्री आठची. त्या रात्री साडेनऊच्या सुमारास एका मागावरचा धोटा उडाला आणि बाबांच्या कपाळावर बसला. कारखान्यातल्या माणसांनी मला फोन लावला, पुन्हा लावला, दहादा लावला. माझा फोन नऊ वाजताच मान टाकून बसला होता. अकरा वाजता मी गोदामाबाहेर पडलो, पानाच्या टपरीवर पाच मिनिटे चार्जिंग मागितले, तेव्हा कुठे मला कळले. धावत गेलो. तोवर चार टाके घालून झाले होते आणि सोबतीला शेजारच्या मागावरचा परका माणूस बसला होता. बाबा सुखरूप आहेत. पण ‘मुलगा कुठाय?’ या प्रश्नाला त्या दीड-दोन तासांत कोणाकडेच उत्तर नव्हते, ही बोच काही जात नाही.

दुसऱ्या दिवसापासून सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. मित्र म्हणाले, ‘चार वर्षांचा फोन, आता टाकून दे. चौदा हजारांचा नवा हप्त्यावर मिळतो.’ मामा म्हणाले, ‘पॉवर बँक घे.’ पॉवर बँक घेणे म्हणजे गळक्या हंड्याशेजारी दुसरा हंडा भरून ठेवणे. गळती आहे तिथेच राहते! बाबा मात्र कपाळाला पट्टी बांधून खाटेवर पडल्या पडल्या एवढेच म्हणाले, “मशीन कुठे खातंय ते बघितलंस का? आधी ते बघ.”

वाचकहो, जॉबर माणसाचा हा प्रश्न आहे. माग बंद पडला म्हणून कोणी माग विकायला काढत नाही. पट्टा सैल झाला का, पिकर झिजला का, धोट्याची पेटी घट्ट आहे का, हे पाहून जे झिजले असेल तेवढेच बदलायचे. मुंबईच्या गिरण्यांतून मोडीत निघालेले माग भिवंडीत आले आणि पुढे वर्षानुवर्षे कापड विणत राहिले, ते याच विद्येच्या बळावर. हीच विद्या फोनला का लावू नये, असे माझ्या मनात आले आणि मी एक वही घातली.

वहीत रोज दोन आकडे लिहिले. दुपारी तीनला गोदामात शिरताना किती टक्के आणि रात्री अकराला बाहेर पडताना किती. फोनच्या सेटिंगमध्ये ‘बॅटरी’ नावाचे एक पान असते. कोणत्या ॲपने किती खाल्ले याचा हिशेब तिथे मांडलेला असतो. चार वर्षांत ते पान मी एकदाही उघडले नव्हते! सुट्टीच्या दिवशी घरी आठ तासांत जेमतेम वीस टक्के उतरत. गोदामात मात्र तेवढ्याच तासांत सत्तरच्या वर उतरत. आणि कामाच्या वेळेत मी फोनला हातही लावत नाही. मग खाते कोण?

उत्तर गोदामातच होते. भिंती पत्र्याच्या, छप्पर पत्र्याचे आणि आत लोखंडी रॅकच्या उंच रांगा. धातू रेडिओलहरींना अडवतो, म्हणून आत सिग्नलची एखादीच काडी दिसते, तीही येते-जाते. अशा वेळी फोन गप्प बसत नाही. गर्दीत हरवलेल्या पोराने आईला हाका माराव्यात तसा तो टॉवरला हाका मारत राहतो. टॉवर जितका दुर्लभ तितकी हाक मोठी, आणि हाक मोठी म्हणजे वीज जास्त. त्यात आमच्या हजेरीच्या ॲपला मी कुठे आहे हे सतत हवे असते. हजेरी सकाळ-संध्याकाळची, पण पहारा मात्र आठ तासांचा! तिसरा चोर उष्णता. भर दुपारी तापलेल्या पत्र्याखाली, पँटच्या खिशात, फोन तव्यासारखा होतो. बहुतेक कंपन्या फोन पस्तीस अंशांपर्यंतच्या हवेत वापरावा असे सांगतात. आमच्या गोदामातला उन्हाळा ते वाचायला थांबत नाही.

उपाय सोपे निघाले. हजेरीच्या ॲपला ठिकाण पाहण्याची मुभा ‘ॲप वापरताना’ इतकीच ठेवली. आत सिग्नल टिकत नाही म्हणून ५जी ऐवजी ४जी निवडले. पडद्याचा उजेड पूर्ण चढवून ठेवलेला होता, तो आपोआप कमी-जास्त होईल असा केला. कारण फोनमध्ये सर्वात जास्त वीज पिणाऱ्यांत पडद्याचा नंबर वरचा असतो. फोन खिशातून काढून दाराजवळच्या फळीवर, वारा लागेल असा ठेवला. तिथे सिग्नलही बरा असतो. आणि सर्वात महत्त्वाचे म्हणजे, मुकादमाचा नंबर घरी आणि बाबांच्या कारखान्यात लिहून दिला. हा शेवटचा उपाय बॅटरीचा नव्हे. पण त्या रात्री तोच हवा होता.

या निमित्ताने काही समजुतीही गळून पडल्या. बॅटरी पूर्ण शून्यावर आणून मगच शंभरपर्यंत भरावी, असे आपल्याकडे अजून सांगतात. हा सल्ला जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातला. आजच्या फोनमधली बॅटरी लिथियम-आयनची. सोनी कंपनीने १९९१ साली ती प्रथम बाजारात आणली आणि तिच्यामागच्या संशोधनासाठी जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते. इतक्या वयाच्या माणसाला त्याआधी कधी नोबेल मिळालेले नव्हते! या बॅटरीत लिथियमचे आयन एका ध्रुवाकडून दुसऱ्याकडे जातात आणि चार्जिंगच्या वेळी परत येतात. म्हणजे एका परीने हाही धोटाच, इकडून तिकडे आणि तिकडून इकडे. प्रत्येक फेरीला थोडी झीज होते. अगदी रिकामी करणे, शंभरावर तासन् तास भरून ठेवणे आणि उष्णता या तिन्हींनी ती झीज वाढते. वीस ते ऐंशीच्या दरम्यान ठेवली तर ती जास्त काळ टिकते. दुसरी समजूत म्हणजे दर पाच मिनिटांनी सगळी ॲप्स पुसून टाकण्याची. पुसलेले ॲप पुन्हा पहिल्यापासून उघडायला उलट जास्त वीज लागते. आपण मात्र अंगठ्याने झाडलोट करून पुण्य मिळवल्याच्या समाधानात असतो. आग रामेश्वरी अन् बंब सोमेश्वरी, दुसरे काय!

वीज वाचते म्हणून हे सारे करावे असेही नाही. मी हिशेब मांडून पाहिला. पाच हजार एमएएचची बॅटरी एकदा पूर्ण भरायला, चार्जरमधली गळती धरून, सुमारे पंचवीस वॉट-तास लागतात. रोज एकदा याप्रमाणे वर्षाला नऊ-साडेनऊ युनिटे. एक अश्वशक्तीची मोटर तेवढी वीज साधारण बारा तासांत वापरते. म्हणजे माझ्या फोनचे वर्षभराचे चार्जिंग म्हणजे भिवंडीतल्या एका मोटरची एक पाळी. विजेचा प्रश्न इथे नाहीच. प्रश्न आहे तो ऐन वेळी फोन चालू असण्याचा, आणि चौदा हजारांच्या हप्त्याचा.

इतके करूनही एक दुखणे राहिलेच. अठरा टक्के दाखवत असताना फोन एकाएकी बंद पडे. तो म्हातारपणाचा दोष. जुन्या बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो. एकदम जास्त वीज मागितली की तिचा दाब कोसळतो आणि फोन विझतो. शंभर टक्के खर्चले की एक आवर्तन झाले. मग ते एका दिवसात खर्च होवोत की दोन दिवसांत निम्मे निम्मे. माझ्या चार वर्षांत हजाराच्या वर आवर्तने सहज झाली असतील. बॅटरीने आपले काम इमानाने केले होते. आता ती बदलायची होती, फोन नव्हे.

इथे मात्र बाबांची विद्या अडली. पूर्वीच्या फोनचे पाठीचे झाकण नखाने उघडत असे. बॅटरी काढली, पुसली, नवी बसवली. काम दोन मिनिटांचे. आताच्या फोनची पाठ गोंदाने चिकटवलेली. दुरुस्तीवाल्याने गरम हवेने ती सैल केली, पातळ पत्तीने हलक्या हाताने उचलली, तेव्हा कुठे बॅटरीचे दर्शन झाले. दीड तास आणि बाराशे रुपये. बाबा शेजारी बसून पाहत होते. म्हणाले, “असा माग कोणी बनवला असता तर भिवंडी केव्हाच बंद पडली असती.”

कंपन्यांचे म्हणणे असे की फोन पातळ आणि पाण्यापासून सुरक्षित हवा असेल तर तो बंदच असावा लागतो. त्यात तथ्य आहे; कोनच्या पावसात राहणाऱ्याला ते पटते. तथापि जो भाग निश्चितपणे आधी मरणार आहे हे बनवणाऱ्याला ठाऊक आहे, तोच भाग सर्वात अवघड जागी चिकटवून ठेवणे याला गरज म्हणावे की सोय, आणि सोय म्हटली तर ती कोणाची? युरोपीय संघाने जून २०२५ पासून नियम लागू केला आहे की फोनच्या बॅटरीने ८०० आवर्तनांनंतरही निदान ८० टक्के क्षमता राखली पाहिजे आणि सुटे भाग त्या फोनची विक्री थांबल्यावरही ७ वर्षे मिळाले पाहिजेत. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ सुरू केले. त्याच वर्षीच्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. सुरुवात चांगली आहे. पण ज्या देशात बहुसंख्य लोक फोन हौसेसाठी नव्हे तर पोटासाठी बाळगतात, त्या देशाने बॅटरी बदलता येण्याचा नियम युरोपच्या आधी करायला हवा होता, असे माझे स्पष्ट मत आहे.

मग दोष कोणाचा? माझा आहेच, चार वर्षे मी ते एक पान उघडले नाही. जिथे काम करतो त्या जागेचाही आहे. हजेरी फोनवर मागायची आणि फोन चार्ज करायला एक सॉकेटही द्यायचे नाही, हा कुठला न्याय? आणि बनवणाऱ्यांचा आहे, कारण दुरुस्ती महाग आणि खरेदी सोपी करून ठेवली की माणूस हप्त्याच्या वाटेला आपोआप जातो. बिचारी बॅटरी या सर्वांत सर्वात कमी दोषी.

आपल्या कॉलेजपुरते दोन गोष्टी सुचवतो. आपल्यातले कित्येकजण वर्गातून थेट कामावर जातात. वाचनालयात चार्जिंगची एक फळी असावी. आणि वर्षातून एक दिवस भिवंडीतल्या एखाद्या दुरुस्तीवाल्याला बोलावून, फोन कुठे खातोय ते पाहायला आपल्याला शिकवावे. त्या दिवशी आपल्या घरातल्या फुगलेल्या, मेलेल्या बॅटऱ्याही गोळा करून योग्य जागी पोहोचवता येतील. फुगलेली बॅटरी टोचू नये आणि घरच्या कचऱ्यात टाकू नये, ती पेट घेते, हे तरी प्रत्येकाला माहीत असावे.

माझा फोन पाचव्या वर्षात चालतो आहे. काल रात्री अकराला गोदामाबाहेर आलो तेव्हा वहीत लिहिले: बावन्न टक्के. बाबांना फोन लावला. मागांच्या खडखडाटात त्यांना माझे काही ऐकू गेले नाही. पण फोन लागला होता.