रसायनशास्त्र विभागातील उपकरणे चालू व विश्वासार्ह ठेवण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. कुलगुरू महोदय
यांच्या सेवेशी सविनय सादर

मार्फत : मा. विभागप्रमुख, रसायनशास्त्र विभाग

विषय : विद्युतरासायनिक व विश्लेषणात्मक उपकरणांची देखभाल, किरकोळ साहित्य, अखंड वीज आणि प्रशिक्षित तंत्रज्ञ मिळण्याबाबत.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे रसायनशास्त्र विभागातील संशोधक विद्यार्थी आहोत. नवे मोठे यंत्र मागायला आलेलो नाही, हे आधीच सांगतो. कारण निवेदन म्हटले की तसाच समज होतो. विभागात यंत्रे आहेत. काही बंद आहेत, आणि जी चालतात त्यांच्या आकड्यांवर विसंबता येत नाही. यातले दुसरे अधिक वाईट. बंद यंत्रावर निदान कोणी प्रबंध लिहीत नाही.

आमच्यापैकी बहुतेकांचे काम पोटेन्शिओस्टॅटवर चालते. काचेच्या लहानशा सेलमध्ये तीन इलेक्ट्रोड असतात : ज्याच्यावर अभिक्रिया घडते तो ग्लासी कार्बनचा, मंडल पूर्ण करणारी प्लॅटिनमची तार, आणि रेफरन्स. रेफरन्सचे काम एकच, जागचे न हलणे. संतृप्त पोटॅशियम क्लोराइडमधला सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइड इलेक्ट्रोड २५ अंश सेल्सिअसला प्रमाण हायड्रोजन इलेक्ट्रोडच्या मानाने ०.१९७ व्होल्टवर असतो आणि बाकीची सगळी मापे त्याच्यापासून घेतली जातात. जमीन मोजणीत मूळ खुंटीच सरकली तर गटाच्या सगळ्या हद्दी सरकतात, तसे हे आहे.

गेल्या हिवाळ्यात आमची खुंटी सरकली. आमच्यातला एक जण विहिरींच्या पाण्यातले शिसे स्ट्रिपिंग व्होल्टमितीने मोजतो. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरला ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त शिसे चालत नाही. इतके कमी शिसे पकडायचे तर ते आधी काही मिनिटे इलेक्ट्रोडवर साठवावे लागते, मग विभव चढवत नेले की ते विरघळताना प्रवाहाचे शिखर उमटते. शिखर कुठे उमटले यावरून धातू ओळखायचा. शिसे आणि कथिल यांची शिखरे एरवीही एकमेकांना खेटून असतात. त्याच्या आलेखात ती दर आठवड्याला थोडी थोडी बाजूला जाऊ लागली. आधी त्याने पाण्याला दोष दिला, मग स्वतःच्या हाताला. शेवटी पोटॅशियम फेरीसायनाइडची नेहमीची चाचणी घेतली, तेव्हा दोन शिखरांमधला मध्यबिंदू जुन्या नोंदीपेक्षा ९० मिलिव्होल्टने सरकलेला निघाला. रेफरन्सच्या टोकाचा सच्छिद्र तुकडा काळा पडून बुजला होता. तीन महिन्यांच्या नोंदी बाद झाल्या.

त्याच चाचणीत दुसरी गोष्टही उघड झाली. एका इलेक्ट्रॉनच्या देवघेवीत वरच्या आणि खालच्या शिखरांत आदर्श स्थितीत ५९ मिलिव्होल्टच्या आसपास अंतर असावे लागते. आमच्या कागदावर ते १४० होते. कारण सांगायलाही संकोच वाटतो : इलेक्ट्रोड घासायची ०.०५ मायक्रॉनची अ‍ॅल्युमिना पावडर संपली होती आणि मुले १ मायक्रॉनच्या जाड्या भुकटीने काम भागवत होती. पॅडवर इंग्रजी आठचा आकडा गिरवत कितीही वेळ घासले तरी जाड्या पावडरने पृष्ठभाग आरशासारखा होत नाही. ही पावडर आणि रेफरन्स मागवण्याचा अर्ज आम्ही केला होता. त्यालाही तीन दरपत्रके लागली, मोठ्या यंत्राला लागतात तशीच. रक्कम किरकोळ, म्हणून पुरवठादार दरपत्रक द्यायला उत्सुक नव्हता. आणि रक्कम किरकोळ, म्हणून फाइलही कोणाला निकडीची वाटली नाही. अखेर रेफरन्स एका विद्यार्थिनीने अधिछात्रवृत्तीच्या पैशांतून आणला.

अशा नमुन्यांसाठी बाहेर जा, असे आम्हाला सांगण्यात येते. जिथे शक्य आहे तिथे आम्ही जातो. एनएमआरचे नमुने आयआयटी मुंबईच्या उपकरण केंद्रासारख्या ठिकाणी पाठवतो, आय-स्टेम पोर्टलवर दुसऱ्या संस्थांतली उपकरणेही शोधतो. पण कुपीत भरून पाठवता येतो तो एनएमआरचा नमुना. नुकताच घासलेला इलेक्ट्रोड आणि वीस मिनिटे नायट्रोजन सोडून ऑक्सिजन घालवलेले द्रावण कुरिअरने जात नाही. विद्युतरसायनाचे मोजमाप जागेवर, त्याच घटकेला करावे लागते. म्हणूनच ही मागणी आम्ही आपल्याकडे करत आहोत.

विजेचा प्रश्न वेगळा नाही. सुपरकॅपॅसिटरवर काम करणाऱ्यांना ५००० वेळा भारण-विभारण करून दाखवावे लागते. एका चक्राला ८० सेकंद धरले तरी हे साडेचार दिवसांहून अधिक, रात्रंदिवस चालते. विभागाचा मेन स्विच संध्याकाळी साडेसहाला बंद होतो. सुरक्षारक्षकाचा यात दोष नाही, त्याला तसा लेखी आदेश आहे. इम्पीडन्सच्या मापनातही हेच. ०.०१ हर्ट्झच्या एका आवर्तनालाच १०० सेकंद लागतात. मध्ये दिवे क्षणभर लुकलुकले तरी आलेखाची शेपटी वाया जाते आणि पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. यूपीएस आहे, पण त्याच्या बॅटऱ्या फुगल्या आहेत.

एफटीआयआरची गोष्ट तर वीज वाचवण्याच्या उत्साहातून घडली. या यंत्रातला बीमस्प्लिटर पोटॅशियम ब्रोमाइडचा असतो आणि तो हवेतला ओलावा शोषतो. जुलैत सलग तीन सुट्ट्या आल्या आणि एसी बंद ठेवला गेला. सोमवारी झाकण उघडले तेव्हा आतले निळे सिलिका जेल गुलाबी झाले होते आणि बीमस्प्लिटरवर दूध सांडल्यासारखा धूसर थर आला होता. तीन दिवसांत वाचलेल्या विजेच्या कितीतरी पट खर्च आता दुरुस्तीला येणार आहे. तेव्हापासून यंत्र बंद आहे.

आमचे तंत्रज्ञ निवृत्त झाले, त्यांची जागा रिकामी आहे. ते व्हॅक्यूम पंपाच्या आवाजावरून तेल बदलायची वेळ ओळखत. सुट्टीच्या दिवशी एसी चालू ठेवायचा हेही त्यांनाच ठाऊक होते. ते कुठे लिहून ठेवलेले नव्हते.

आणखी एक बाब तातडीची आहे. मागच्या खोलीतल्या कपाटात जुना पोलरोग्राफ आणि त्याचा पारा पडून आहे. यारोस्लाव हेरॉव्स्की यांनी १९२२ मध्ये प्राग येथे टपकत्या पाऱ्याच्या थेंबावर हे तंत्र उभे केले, पुढे मासुझो शिकाता यांच्यासह आपोआप आलेख काढणारे यंत्र बनवले आणि १९५९ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. आजची व्होल्टमिती तिथूनच आली. त्या यंत्राबद्दल आम्हाला आदर आहे, ते काचेच्या कपाटात ठेवावे असेच वाटते. पण पारा प्रदर्शनात ठेवायची वस्तू नव्हे. पाऱ्यासंबंधीचा मिनामाता करार भारताने २०१८ मध्ये मान्य केला आहे, आणि शिशाच्या मापनासाठी बिस्मथची फिल्म २००० सालापासून पाऱ्याच्या जागी वापरली जात आहे. आमच्या कपाटातल्या बाटलीचे बूच सैल आहे, खोलीला पंखासुद्धा नाही.

वरील सर्व पाहता आमच्या मागण्या अशा. किरकोळ साहित्यासाठी, म्हणजे रेफरन्स इलेक्ट्रोड, घासण्याची पावडर व पॅड, नायट्रोजनचे सिलिंडर, शुद्ध पाण्याच्या यंत्राचे फिल्टर यांच्यासाठी विभागप्रमुखांच्या हाती स्वतंत्र अग्रिम रक्कम द्यावी आणि ठराविक मर्यादेपर्यंत तीन दरपत्रकांची अट शिथिल करावी. आमची मुख्य मागणी हीच. बाकीच्या मागे पडल्या तरी ही पडू नये. यापुढे कोणतेही उपकरण घेताना पाच वर्षांच्या देखभाल कराराचा खर्च मूळ प्रस्तावातच धरावा. उपकरणांच्या दोन खोल्या रात्रीच्या वीजबंदीतून वगळाव्यात, तिथला एसी सुट्टीतही चालू राहील असा लेखी आदेश सुरक्षा विभागाला द्यावा आणि यूपीएसच्या बॅटऱ्या बदलाव्यात. तंत्रज्ञाचे पद भरावे. ते होईपर्यंत मानधनावर कोणीतरी नेमावा. पारा महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने मान्यता दिलेल्या यंत्रणेकडे लगेच सोपवावा.

एमएस्सीच्या विद्यार्थ्यांसाठी एक छोटी विनंती. सध्या एका यंत्राभोवती चाळीस जण उभे राहतात आणि बटण सर दाबतात. चीपस्टॅट नावाच्या साध्या पोटेन्शिओस्टॅटचा खुला आराखडा २०११ पासून उपलब्ध आहे. त्याचा खर्च तेव्हा ८० डॉलरच्या आत होता. इलेक्ट्रॉनिक्स विभागाच्या मदतीने असे दहा संच आम्ही स्वतः जोडून देऊ. फक्त सुटे भाग मिळावेत.

एनएमआर घ्या, असे आम्ही म्हणत नाही. त्याच्या चुंबकाला उणे २६९ अंश सेल्सिअसचा द्रव हीलियम बारमाही लागतो. ज्यांना नायट्रोजनचे सिलिंडर वेळेवर भरून आणणे जमत नाही त्यांनी दारी हत्ती बांधू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आपण स्वतः एकदा प्रयोगशाळेत यावे. फेरीसायनाइडची चाचणी आपल्यासमोर करून दाखवू, दहा मिनिटांचे काम आहे. त्यानंतर चर्चेसाठी पंधरा दिवसांच्या आत वेळ द्यावी, ही नम्र विनंती. आमच्यापैकी चौघांच्या अधिछात्रवृत्तीची मुदत येत्या मार्चअखेर संपते.

आपले नम्र,
संशोधक विद्यार्थी, रसायनशास्त्र विभाग
(सह्यांची यादी व बंद उपकरणांची नोंद सोबत जोडली आहे.)

प्रत माहितीसाठी : मा. कुलसचिव, मा. वित्त व लेखा अधिकारी