विषाणूची वेळ आणि गोळीची वेळ


एचआयव्हीचा जोर दिवसभरात बदलतो, म्हणून गोळी पहाटेच घ्यावी, हा गेल्या अंकातील पत्रलेखकाचा निष्कर्ष घातक आहे.

मेलबर्नच्या संशोधक शॅरन लेविन यांच्या गटाने २०१८ मध्ये दाखवले ते वेगळे. उपचार घेणाऱ्यांच्या पेशींतील विषाणूच्या आरएनएचे प्रमाण रक्त काढण्याच्या वेळेशी जोडलेले दिसले. शरीराचे घड्याळ चालवणारी ‘क्लॉक’ आणि ‘बीमॅल-१’ ही प्रथिने विषाणूच्या जनुकांनाही चालना देऊ शकतात. म्हणजे संशोधनासाठी नमुने ठरल्या वेळी घ्यायला हवेत.

पण आरएनए बनला म्हणजे संसर्ग पसरला असे नाही. तो प्रसार औषध रोखते. एफाविरेन्झ हे एचआयव्हीवरील औषध रात्री देत, ते चक्कर येते म्हणून. डोल्युटेग्रॅविर ही गोळी सकाळी घ्या वा रात्री, रोजची वेळ मात्र पाळा.

— एक वाचक